अक्काचे पिवळे हात

थोरल्या बहिणीवर मी कथा लिहिली आणि ठरवलं, अक्का ‘छाप’ म्हणाली तरच द्यायची. नाहीतर फाडून टाकायची.

कादंबऱ्यांतल्या विधवांची मला भलती सवय. नवरा गेला की त्या खिडकीपाशी बसतात आणि लेखकमहाशय त्यांना पंधरा-वीस पानं हलू देत नाहीत. म्हशीची धार कोण काढतं, कुणास ठाऊक. मी वसमतला शाळेत मराठी शिकवते. अशा दोन-चार बायका मीही लिहून मोकळी झाले होते. दुःख असंच दिसतं, अशी माझी पक्की समजूत.

दोन वर्षांपूर्वी दाजी अचानक गेले, तेव्हा अक्का अशीच बसलेली दिसेल असं धरून मी तिच्या गावी, डोंगरकड्याला गेले. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेताकडे निघाली. काढलेल्या हळदीचा ढीग पडून होता, आणखी राहिला असता तर सडला असता. भावकी म्हणाली, आम्ही बघतो. तिने ऐकलं नाही. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमध्ये ती भरणं, शिजली का ते काडी टोचून बघणं, वाळत घालणं, सगळं स्वतः केलं. डोळ्यांत टिपूस नाही. त्यात जेवताना चमचा मागायची. आमच्या घरात भाकरी खायला चमचा! मला तिचा रागच आला.

दहाव्याला पाहुणे जमू लागले आणि अक्काचे हात कोपरापर्यंत पिवळे. नवरा गेलेली बाई आमच्याकडे अंगाला हळद लावत नाही. दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. मी तिला धरून हौदावर नेलं आणि लिंबू, साबण, काथ्या घेऊन तिचे हात घासले.

“लोक काय म्हणतील, अक्का?”

कातडी लाल झाली. तिने हात ओढून घेतला नाही, बोललीही नाही. पुढे दोन वर्षं आम्ही तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात तिच्या अंगणात बसून कथा वाचून दाखवली. ती हळदीच्या बेण्याचे गड्डे निवडत होती. माझी नायिका खिडकीशी बसून आपल्या पांढऱ्याफटक हातांकडे बघत होती. ते वाक्य मला फार आवडायचं.

“चांगली लिव्हली,” अक्का म्हणाली. “पर हिचे हात काहून पांढरे? तू घासले काय?”

मी कागद मांडीवर ठेवले.

“ती हळद ह्यांनी लावली व्हती. बेणं बी ह्यांनीच निवडलं. आता ह्यांच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलं व्हतं? म्हून मी साबन लावत नव्हते. जेवाया चमचा घेत व्हते.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. चमचा मी रोज बघितला होता आणि रोज नाक मुरडलं होतं.

“मग तवा बोलली काहून न्हाईस?” मी विचारलं.

“तू रडून राहिली व्हतीस. तुला अजून तकलीफ काहून द्यायची?”

मी कागद फाडायला घेतले. तिने मनगट धरलं. तिची बोटं पुन्हा पिवळी झाली होती.

“छाप,” ती म्हणाली. “पर तू माझे हात घासले, ते बी लिव्ह.”