नहरीवरची हाक

भूत, पिशाच आणि निमंत्रणपत्रिकेवरची उद्घाटनाची वेळ — या तीन गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. तरीही हे लिहितोय...

आम्ही उज्जैनचे, माधव नगरला राहतो. घरामागून एक नहर जाते. रियासतीच्या काळी ती बागांना पाणी द्यायची. पाणी सोडलं की चौकीदार काठाने ओरडत पुढे यायचा, म्हणजे पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका वर चढत. पुढे बागांच्या कॉलन्या झाल्या, नहरीचा नाला झाला, चौकीदारही उरला नाही. यंदा तिला दगडी काठ, वॉकिंग ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट मिळाला. पाणी मंत्रीजी सोडणार होते, दुपारी.

आईने ठरवलं, नव्या पाण्याची ओटी भरायची — आणि तीही अगदी खालच्या पायरीवर, पाणी यायच्या आधी. आई ब्याऐंशीची. मशीन लावल्याशिवाय तिला शेजारचा माणूसही ऐकू येत नाही, आणि मशीन लावलं की समारंभाचा बँड सोसत नाही. म्हणून ते घरीच ठेवलेलं. दुपारला वेळ आहे, म्हणून मी तिला सकाळीच धरून खाली नेलं. तिने खण-नारळ ठेवला, हात जोडले, आणि एकदम वळली.

"चल वर. पाणी सोडलंय म्हणतोय तो."

"कोण?"

"चौकीदार. तुला ऐकू येत नाही का?"

हे तिने मला विचारावं. काठावर कुणीच नव्हतं. लांब मांडवात माइकवाला हॅलो-हॅलो करत होता, बस. मी हुज्जत घालणार, तोवर ती माझा हात ओढत चढायलाही लागली. आम्ही वरच्या पायरीवर पोचलो आणि मागे पाणी आलं — गढूळ, कमरेएवढं, प्लास्टिकच्या पन्न्या आणि फांद्या घेऊन. खण-नारळ दिसेनासा झाला.

पाणी सोडतात त्या गेटवर जाऊन भांडलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "ट्रायल ले रहे थे, भैया. मंत्रीजी के सामने गेट अटक जाता तो?" लोकांना कळवायचा बोर्ड लागायचा होता म्हणे.

पाण्याची थरथर आईच्या पायांना जाणवली असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण पायांना शब्द कुठले ऐकू येणार? संध्याकाळी तिने मशीन लावल्यावर मी विचारलं, आवाज कसा होता?

"वैतागलेला," ती म्हणाली. "बायका एका हाकेत कधी वर येतात का?"

उलगडा मला अजून झालेला नाही. आई समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती... मी फार खोलात गेलो नाही.