ओठांतला कागद

अमेरिकेत नोव्हायमधले आमचे शेजारी काका रविवारी दुपारी जपानी तलवारी पुसायला बसायचे. दोनच होत्या, लांब कताना आणि तिच्या जोडीची आखूड वाकिझाशी. दोन्ही किंचित वाकलेल्या, धारेलगत धुक्यासारखी नागमोडी रेघ. पुसून झालं की लवंगेचं तेल लावायचे आणि स्टँडवर धार वरच्या बाजूला ठेवायचे. तोंडातली वाफ लागली तर पातं गंजतं, म्हणून काम संपेपर्यंत ओठांत कागदाची घडी धरायचे.

एरवी काका कुणालाच वाक्य पुरं करू देत नसत, काकूंना तर नाहीच. मला त्याचा रागच यायचा. पण काकू हुशार. नेमक्या त्याच वेळी समोर खुर्ची ओढून बसायच्या आणि नागपूरच्या बहिणीचा फोन, मुलीने कॅन्सल केलेलं तिकीट, फसलेला ढोकळा, सगळं निवांत सांगायच्या. "आठवड्यात एवढाच वेळ माझा," मला म्हणायच्या. काका पातं पुसत नुसती मान हलवायचे.

या हिवाळ्यात काकू गेल्या. परवा रविवारी मी डबा द्यायला गेले, तर काका टेबलाशी बसलेले. ओठांत कागद होता, समोर काकूंची खुर्ची ओढून ठेवलेली होती, आणि दोन्ही तलवारी म्यानातच होत्या.

"काका, अजून पुसायला घेतल्या नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी कागद काढला.

"आज पुसायच्या नाहीयेत. तू बस ना जरा. काहीही बोल."

आणि कागद पुन्हा ओठांत धरला.