अनुराधेतला मधला तारा

माझी बायको गोंडपिपरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मी बारावीपर्यंत शिकलेला, घरची धानाची शेती. उन्हाळ्यात आमच्याकडे घरात झोपणं होत नाही. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायचं आणि जेवण झालं की गाद्या घेऊन वर जायचं. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला तिथून आकाशातला विंचू दाखवला. लालसर ज्येष्ठा, आणि तिच्या आधी उगवणारे अनुराधेचे तीन तारे.

"त्यातला मधला पाहा," ती म्हणाली. "तो माझा."

तो दिसतो एक, पण आहेत दोन, हे मला तिच्याकडूनच कळलं. मोठा तारा फार तापलेला, आणि स्वतःभोवती इतका जोरात फिरणारा की त्याच्या अंगातला वायू बाहेर पडून भोवती कडं तयार होतं. त्यामुळे त्याचं तेज कमीजास्त होत राहतं. त्याचा जोडीदार लांबट वाटेनं फिरतो आणि साधारण अकरा वर्षांनी अगदी जवळून जातो. ती कॉलेजात होती तेव्हा जोडीदार असाच जवळ आला आणि तो तारा एकाएकी उजळला होता, आणि ते तिनं गावाकडच्या अंगणातून पाहिलं होतं. तेव्हापासून आकाश मोकळं असलं की ती त्याची ज्येष्ठेशी तुलना करायची. त्यानंतर जोडीदार पुन्हा जवळ आला, तेव्हा मीही तिच्या शेजारी बसून पाहिलं. मला काही फरक कळला नाही. तिला कळला.

पुढची खेप यायला दोनतीन वर्षं उरली होती. एका मे महिन्यात ती म्हणाली, "अहो, तो लय मंद झाला."

मी पाहिलं. "मले तं तसाच दिसून राह्यला."

"नीट पाहा. ज्येष्ठेपुढं काहीच नाई तो."

"अवो, चांगला ठसठशीत आहे."

मग तिनं तळहातानं डावा डोळा झाकला. थोड्या वेळानं हात बदलून उजवा झाकला. पुन्हा डावा. मी विचारलं, "काय झालं?"

"तारा ठीक आहे," ती म्हणाली. "दोन डोळ्यांनी वेगवेगळा दिसते. माझे डोळे गेले."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ते तिला आधीच कळलेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण त्याच्यामागे काचबिंदूनं डोळ्यांच्या नसा वाळवल्या होत्या. मोतीबिंदू काढता आला. गेलेली नजर परत येणार नव्हती. येताना एसटीत ती खिडकीशी बसली आणि गोंडपिपरी येईपर्यंत बाहेर पाहत राहिली.

औषधाचे थेंब चालू होते, तरी नजर आवळत गेली. आधी फळ्यावरचं अक्षर गेलं, मग पोरांचे चेहरे. तिनं नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी पोरी रडल्या, ती नाही रडली. घरी आल्यावर साडीसुद्धा न बदलता पलंगावर बसून राहिली.

ताऱ्याचा जोडीदार जवळ यायचं वर्ष आलं, तेव्हा तिला काही दिसत नव्हतं. पावसाळ्याआधीच्या दिवसांत मी तिचा हात धरून तिला स्लॅबवर न्यायचो. ती भलतीकडे तोंड करून बसे; मी खांदे धरून तिला वळवायचो.

"ज्येष्ठेहून किती कमी?" ती विचारी.

"थोडासा."

"थोडासा म्हंजे? बाजूच्या दोघांपेक्षा किती जास्त?"

मी पुन्हा पाही, जमेल तसं सांगे. ती मान हलवून ऐके, वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगे. बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा होई. वाटायचं, हे तरी राहिलं तिच्याकडे.

एक दिवस माझं बोलणं चालू असतानाच तिनं माझा हात दाबला.

"आता नका सांगत जाऊ."

"काऊन? चुकते का माझं?"

"चुकत नाई. तुमी सांगता तं मले वाटते, मी पाहूनच राह्यली. मंग खाली जाताना पायरी सापडत नाई."

तिथंच, माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ती रडली. आजाराचं नाव कळल्यापासून पहिल्यांदाच. बाजूच्या घरचे अजून जागे होते, टीव्ही चालू होता, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून.

त्यानंतर आम्ही वर गेलो नाही. आता घरात कूलर लावून झोपतो.