पोफळीवरचा पुरावा

जगातल्या एकाही नायकाला आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर सुखाने उडी मारू दिलेली नाही. मुरूडजवळच्या त्यांच्या घरी साहसपट बघायचा म्हणजे रिमोट त्यांच्या हातात. नायक कड्यावरून झेपावला रे झेपावला की "थांब रं! खोटं हाय!" असं खुद्द त्यालाच दरडावून मामा त्याला हवेत लटकवून ठेवणार. मग चर्चा. मग प्रयोग. आणि प्रयोगशाळेतला बेडूक मी, कारण जावयाला पळून जाता येत नाही. एका हाताने कड्याला लोंबकळत दुसऱ्या हाताने नायिकेला धरून ठेवणारा नायक दिसला, त्या दुपारी मामा पडवीच्या तुळईला लोंबकळले आणि म्हणाले, "जावईबापू, धरा हात. आज तुमी नायिका." मी पाय उचलले मात्र, आम्ही दोघे धाडकन पडवीत पसरलेल्या सुपाऱ्यांवर, आणि सुपाऱ्यांवरून गडगडत थेट अंगणात! "बगा, खोटं!" मामा माझ्या अंगाखालून आनंदाने ओरडले. नायक बूट घालून, हातात बॅग घेऊन वाळूतून धावतो म्हणून काशीदच्या किनाऱ्यावर मलाही धावायला लावलं. वजन खरं हवं, म्हणून बॅगेत नारळ. दहा पावलांत मी पालथा, आणि उंटवाला गिऱ्हाईक सोडून मला उचलायला.

या खोट्या दुनियेत एकच गोष्ट खरी होती. तरुणपणी मामा पोफळीच्या शेंड्यावर चढत, तिला झोका देत, शेजारची पोफळ हाताला लागली की तिच्यावर जात, आणि जमिनीला पाय न लावता अख्ख्या वाडीची सुपारी काढत. हे मी लग्नापासून ऐकत आलोय. यंदा दिवाळीत मामा ते रंगात येऊन सांगत असताना आमच्या लेकीने रिमोट उचलला, त्यांच्यावर रोखला आणि म्हणाली, "थांबा आजोबा! खोटं आहे!"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मामींकडे पाहिलं. साक्षीदार तेवढ्या एकट्याच उरलेल्या. अडकित्त्यावरची नजर न काढता मामी म्हणाल्या, "मी खाली सुपाऱ्या वेचत असायची. वर कोन बगतो?"

झालं! मामा उठले ते तडक वाडीत. पायांत दोरीचा फास अडकवून सत्तरी ओलांडलेला हा माणूस सरसर वर निघाला. "अवो, उतरा! मस्करी केली मी!" मामी धावल्या. "मामा, मी मानलं, मी मानलं!" मी खालून केकाटलो. पण शेंडा गाठून त्यांनी झोका द्यायला सुरुवातही केली होती. पोफळ डुलली, वाकली, आणखी वाकली, हात लांबला आणि लागली! शेजारचा शेंडा मुठीत! आम्ही सगळ्यांनी अशी आरोळी ठोकली की कावळे उडाले. आता नुसतं इकडची पोफळ सोडून तिकडे जायचं. मामा मात्र तसेच राहिले. एक हात इकडे, एक हात तिकडे, दोन्ही पोफळी कमानीसारख्या वाकलेल्या. मग त्यांनी खाली पाहिलं. खाली मामी पदर पसरून उभ्या होत्या. जणू सुपारीच झेलायची होती.

मामांनी पलीकडची पोफळ सोडून दिली. ती सरळ होऊन कितीतरी वेळ एकटीच डोलत राहिली.

ते उतरले. मामींनी पदर खोचला आणि लेकीला म्हणाल्या, "असेच जायचे बग. पार शेवटच्या पोफळीपर्यंत. सुपाऱ्या सोडून मी वरच बगत बसायची."

सिनेमे आम्ही अजूनही बघतो. रिमोट आता लेकीकडे असतो. नायक कड्यावरून झेपावतो, मामा काही म्हणत नाहीत. फक्त माझं मनगट घट्ट धरतात, आणि तो पलीकडे टेकेपर्यंत सोडत नाहीत.