छप्पर उतरलं तरी शाळा चालू

मोठ्या बाई चिडल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. मग वर्ग चिडीचूप व्हायचा आणि शेजारच्या खोलीची भिंत पाडणारे गवंडीही हात आवरता घ्यायचे. बाई त्यांना म्हणायच्या, "तुमचं चालू द्या, भाऊ. आमचंबी चालूच आहे."

अड्याळजवळच्या आमच्या गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. सत्तरच्या दशकातली गोष्ट; मी सातवीत होते. दिवाळीनंतर शाळेचं काम निघालं. गळकी कौलं उतरवून स्लॅब टाकायचा आणि मागच्या अंगाला नव्या खोल्या काढायच्या. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, काम होईपर्यंत शाळा बंद ठेवू. गावाला ते लगेच पटलं. धान कापणीला आलं होतं आणि घरोघरी विळा धरू शकणाऱ्या पोरी होत्या.

बाईंना पटलं नाही. भरल्या सभेत त्या उठल्या. "कापनीले गेलेली पोरगी तिकडूनच मांडवात जाते, अध्यक्षसाहेब. शाळेत वापस येत नाही. म्या लय पाहिल्या."

शाळा चालू राहिली, पण काय थाटात! पहिली कुणाच्या तरी गोठ्यात, तिसरी गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर, पाण्याकडे पाठ करून. आम्ही सातवीवाले व्हरांड्यात. गवंड्यांची धूळ थेट आमच्या डोक्यावर यायची. कुणी कुरकुरलं की बाई म्हणायच्या, "गणित नाही गेलं तरी सिमेंट गेलं ना डोक्यात? आता पक्कं होईल." आम्ही हसायचो आणि केस झटकून पुन्हा पाटीला लागायचो.

एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. पोरांच्या अंगावर काही पडलं तर, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. बाईंनी कुलपाकडे एकदा पाहिलं आणि आमच्या बसायच्या पट्ट्या रस्त्यावर अंथरायला लावल्या. थोड्याच वेळात धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येऊन अडल्या. त्यांतली एक माझ्या बाबांची होती.

बाबा खाली उतरले. "बाई, शाळा तं बंद झाली म्हनते. पोरीले नेतो वावरात."

बाईंचा आवाज खाली आला. "बंद? मंग हे काय दिसून राहिलं तुमाले? पोरगी वर्गात बसली आहे, भाऊ. बंडी बाजूनं काढा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. बाप समोर उभा असताना बसून राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. बाबांनी बैल वळवले आणि बंडी बांधावरून काढली. बाकीच्यांनाही तोच फेरा पडला. संध्याकाळी ते सगळे मिळून, रस्ता मोकळा करा म्हणून, अध्यक्षांच्या दारी भांडायला गेले आणि कुलूप निघालं.

उन्हाळ्यात स्लॅब झाला, आणि उद्घाटनाआधीच बाईंचा बदलीचा हुकूम आला. त्याचा राग मला आजही येतो. एसटीच्या थांब्यावर आम्ही पोरी हुंदके देत उभ्या होतो.

"रडता काहून?" बाई म्हणाल्या. "तिथं शाळेले छप्परच नाही म्हनते. दुरुस्तीच्या नावानं बंद कराले काहीच नाही." आणि पदर खोचून बसमध्ये चढल्या.

त्या उन्हाळ्यात गावात पुष्कळ लग्नं लागली. आमच्या सातवीतली एकही पोरगी त्यांत नवरी नव्हती. आम्ही सगळ्या पंगतीत बसून जेवलो आणि पुढच्या सत्रात आठवीला अड्याळला गेलो.