प्रमिलाक्का आणि तापाचं गाव

निरोप आला तेव्हा मी हुबळीजवळ उणकलला, लेकीच्या नव्या घरात पडद्यांची मापं घेत होते. ह्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "अक्का गेली. जेवली, ताक प्यायली, खुर्चीत टेकली... आणि उठलीच नाही." मी हातातली टेप तशीच धरून खाली बसले. डोळे भरून आले, पण त्याच्याही आधी मनात आलं, की अक्कांना असंच हवं होतं. कुणाची धावपळ नाही, दवाखाना नाही. आता दीडएक महिना झाला. धारवाडजवळ रायापूरच्या आमच्या घरी माणसं अजून भेटायला येतात, गंभीर चेहऱ्यानं बसतात, आणि अक्कांच्या गोष्टी सुरू झाल्या की हसतच उठतात.

प्रमिलाक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन धारवाडला आले तेव्हा घरात ती एक डॉक्टर होती, आणि घरातल्या कुणालाही औषध देत नव्हती. तिचं काम वेगळं होतं. हुबळीच्या एका प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची, तेही मुलांचं. अळणावरच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावात तेव्हा दर पावसाळ्यात हिवताप यायचा. तिथल्या मुलांच्या रक्तात त्या तापाशी लढणारी प्रतिपिंडं कधी तयार होतात, किती टिकतात, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. माझ्याशी ती कधी नणंदेसारखी वागली नाही. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी लागली की म्हणायची, "नलू, येतीस काय गावाला? पोरांना मांडीवर धरायला कुणीतरी पाहिजे."

एकदा रात्री जेवताना हे सहज म्हणाले, "अक्का, खेड्यातली पोरं मुळातच काटक असतात. आपल्या पोरांना एक डास चावला तर अंथरूण धरतात." अक्कांनी घास खाली ठेवला. "तुला उरलेली दिसतात रे अण्णा. गेलेली कुठं दिसतात?" ती चिडली की आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. मग तिनं समजावून सांगितलं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याला मिळतात. पहिले काही महिने ती पुरतात, मग विरतात. तिथून पुढं बाळाचा स्वतःचा लढा. ताप येतो, पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी बाळ वाचलं तर त्याचं रक्त थोडं शिकतं. पाच-सात वर्षांचं होईतो ते असं तयार होतं, की तापाचे जंतू रक्तात असले तरी पोर अंगणात खेळत असतं. "त्याला तू काटक म्हणतोस," अक्का म्हणाली. "मी म्हणते, फार महाग शिक्षण आहे हे."

त्या गावातली रेणुका ही अशीच शिकलेली मुलगी. आठेक वर्षांची असेल. अक्कांनी बोट टोचलं की हसायची. काचपट्टीवर जंतू दिसायचे आणि ही आपली आंब्याच्या झाडावर. एका पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाला ताप चढला. नुकतं चालायला लागलेलं पोर, त्याला झटके यायला लागले. नशिबानं आम्ही त्या दिवशी गावात होतो. अक्कांनी त्याला जीपमध्ये घातलं, धारवाडपर्यंत त्याची आई त्याला छातीशी धरून बसली होती. पोर वाचलं. त्याच्या आधीची एक बहीण मात्र वाचली नव्हती.

आम्ही त्याला परत गावी सोडायला गेलो तेव्हा रेणुका घराबाहेर, गोठ्याच्या कडेला बसली होती. आत येत नव्हती. तिची आजी उंबऱ्यातच म्हणाली, "बाई, ह्या पोरीच्या अंगात कायतरी हाय. हिला काय बी हुईत न्हाई आन् धाकटी पडत्यात. पयली गेली, आता ह्यो जात हुता. हिला मामाकडं लावून देतो. थितं खाणीवर काम मिळंल." रेणुकाचा बाप मान खाली घालून उभा होता. त्याचं ठरलेलं दिसत होतं.

मला वाटलं, आता अक्का रागावणार. पण ती आजीजवळ खाली बसली. म्हणाली, "अव्वा, ही एवढीशी होती तेव्हा कधी आजारी पडली नाही?"

"पडली की. लई पडली."

"म्हणजे कशी?"

आजी म्हणाली, "एकदा तर आशाच सोडली हुती. डोळं पांढरं केलं हुतं. पुना दुसऱ्या साली तसंच... मीच मांडीवर घिऊन बसली हुती."

"मग बघा की. हिनं कुणाचं काही घेतलं नाही. हिचा वाटा हिनं आधीच भोगलाय. तुमच्या मांडीवर भोगलाय. म्हणून आता तिला होत नाही."

आजीनं गोठ्याकडं बघून हाक मारली, "रेणे, आत ये. भाकर खा." एवढंच. पण खाणीची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

गावातली शाळा सातवीला संपायची. पुढं शिकवायचं म्हणून अक्कांनी रेणुकाला आमच्याकडं आणलं. माझ्या लेकीच्या खोलीत तिची खाट पडली. पोरगी हुशार, चटकन रुळली. शेजाऱ्यांशी कानडीत, आमच्याशी मराठीत, आणि भांडण माझ्या लेकीशी दोन्हींत. काही वर्षांनी ती मोठ्या सुट्टीत गावाकडं राहून आली आणि आल्यावर तिला थंडी वाजायला लागली. पावसात भिजली असेल म्हणून मी काढा ठेवला. अक्का कामावरून आली, तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि चप्पल न काढताच बोट टोचायला बसली. तोच ताप होता. चांगलाच जोरात होता.

रेणुका गोधडीतून म्हणत होती, "मला कसं झालं, अक्का? मला तर कधीच होत नाही."

"होत नव्हतं," अक्का म्हणाली. "इथं राहून तुझं रक्त विसरलं."

औषधं लगेच मिळाली, ती बरी झाली. पण अक्कांच्या मनातून ते जात नव्हतं. एकदा मी भाजी निवडत होते, ती शेजारी येऊन बसली. "नलू, मीच तिला इथं आणलं. तिच्याकडं होती तेवढी राखण मीच काढून घेतली, नाही का?" मग थोड्या वेळानं तिचं तीच म्हणाली, "पण ती राखण ठेवायला तिला दर साली तिथं आजारी पाडायचं काय? नको गं. विसरलेलंच बरं." त्यानंतर मात्र ती गावात नुसतं रक्त घ्यायला गेली नाही. मच्छरदाण्या, फवारणी, डबकी बुजवणं, यासाठी कचेऱ्यांत जाऊन बसायला लागली. साहेब लोक तिला पाहिलं की चहा मागवायचे, कारण ती लवकर उठत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

तिच्या निवृत्तीच्या आधीची गोष्ट. त्या गावच्या लहान मुलांचं रक्त तिनं तपासलं आणि त्यात काहीच सापडलं नाही. ना जंतू, ना प्रतिपिंडं. म्हणजे त्या पोरांना तो ताप कधी भेटलाच नव्हता. जन्मभर जे शोधलं तेच नाहीसं झालं होतं. मला वाटलं, हिला कुठंतरी लागलं असेल. तर ही घरी आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि जिनं कधी गॅस पेटवला नाही तिनं शिरा केला. तळाला करपला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला. "आता तपासण्यासारखं काही राहिलं नाही बघ," ती म्हणाली, आणि इतकी खूश मी तिला दुसऱ्या कशानं झालेली पाहिली नाही. तरी मध्येच चमचा थांबवून म्हणाली, "पण लक्ष ठेवायला पाहिजे. ही पोरं आता कोरी आहेत. ताप परत आला तर ह्यांच्याकडं काही नाही."

लक्ष ठेवायला आता रेणुका आहे. परिचारिकेचं शिक्षण घेऊन ती त्याच भागात काम करते. तापातून वाचलेला तिचा तो भाऊ कलघटगीला दुकान चालवतो; अक्कांना नेलं तेव्हा खांदा द्यायला तो सगळ्यांत पुढं होता.

अक्कांची एक सवय होती. घरात कुठलंही मूल आलं, आपलं असो की दूधवाल्याचं, की ती बोलता बोलता हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लावायची. मुलांना कळायचंही नाही. गेल्या रविवारी रेणुका तिच्या लेकीला घेऊन आली. पोरगी अंगणात हुंदडून, घामाघूम होऊन पाणी मागायला माझ्याकडं धावत आली. मी तिच्या हातात पेला दिला, आणि बघते तर माझा उलटा हात तिच्या कपाळावर होता. रेणुका दारात उभी राहून बघत होती. कपाळ गार होतं.