माझ्या बाजूचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आळी बांधणं. बंगळुरात येलहंक्याच्या पुढे एक उंच बिल्डिंग चाललीय, तिच्या बाविसाव्या मजल्याचा स्लॅब आदल्या दिवशी ओतला होता. ओतलेल्या स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून आळी करायची आणि आत पाणी भरून ठेवायचं, नाहीतर स्लॅब उन्हात तडकतो. जिन्याकडची अर्धी बाजू माझी, पलीकडची शेवंताची... माझ्या बायकोची. अख्ख्या साइटला हे ठाऊक.

"हितं कोण ऱ्हाणार ओ?" बांध थापता थापता तिनं विचारलं.

"कुणीबी ऱ्हाऊ दे. तुला च्याला बोलावणार न्हाईत."

"तुमाला तरी कोण बोलावतंय?" म्हणाली आणि हसली.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. साइटवर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी तोंडावर येडे म्हणायचो. शिकलोय तिसरीपर्यंत, लिहिण्यात चुका असतील. पण खोटं लिहीत नाही.

बांध झाले तशी ती म्हणाली, "छातीत भरून आलंय. स्वल्प बसते." बंगळुरात एवढी वर्षं काढल्यावर तिचं 'वाईच' जाऊन 'स्वल्प' झालं होतं.

मी म्हणालो, "नाटकं नकोत. उद्यापासून युगादीची सुट्टी, पाणी आजच भरायला पाहिजे. माझी बाजूपण आज तूच भर, आधी माझी भर. मी खाली पंपाजवळ थांबतो."

"सरी," म्हणाली, म्हणजे बरं. बस, तेवढंच.

मला खाली बसून तंबाखू खायची होती. खरं कारण ते.

पंप चालू केला. पाणी वर पोचलं की ती रोज पाइपावर दगड वाजवायची. त्या दिवशी आवाज आलाच नाही. शिव्या घालतच वर गेलो... तर ती जिन्याच्या भिंतीला टेकून बसलेली. रबरी नळी मांडीवर, कॉक बंद. हात गार. स्लॅबवर पाण्याचा थेंब नव्हता — हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पंप बंद करून खोलीला मीच कुलूप घातलं. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. तशीच कमरेला असताना तिला अग्नी दिला.

चौथ्या दिवशी साइट उघडली. वर गेलो. माझ्या बाजूची सगळी आळी काठोकाठ भरलेली! वाऱ्यानं पाणी हलत होतं. आणि तिची बाजू वाळून पांढरी पडलेली, बारीक बारीक भेगा गेलेल्या. वॉचमन म्हणाला, आत कुणी आलं नाही. पाऊस नव्हता. असता तरी अर्ध्या स्लॅबवर पडतो का पाऊस?

मागून इंजिनिअर सर आले. "अण्णा, तुमची बाजू एकदम छान. अक्कानं मात्र काम बुडवलं बघा."

मिस्त्री म्हणाला, "गेलेल्या माणसाला काय बोलायचं सर... पण बाई होतीच जरा कामचुकार."

खाली येऊन शेडमध्ये पडून राहिलो. जन्मभर माझ्या बरोबरीनं राबली ती, आणि तिच्या नावावर ह्या भेगा लागल्या. मी गप्प!

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळे जमले. मी पुढे झालो.

"सर, तिनं काम बुडवलं नाही. छातीत भरून आलंय म्हणून मला सांगितलं होतं. मीच बसू दिलं नाही. तुझं राहू दे, आधी माझं भर म्हणालो."

मिस्त्रीनं मान खाली घातली. सर हळूच म्हणाले, "पण अण्णा... मग तुमच्या बाजूला पाणी घातलं कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. आजही माहीत नाही.

चार माणसांत रडणं मला कधी जमलं नव्हतं. तिला जाळलं त्या दिवशीही नाही. त्या सकाळी हजेरीच्या रांगेत उभा राहून रडलो.